साठ मोजायचे होते

१७ ऑगस्ट २००९, लातूर

नांदेडहून सकाळची एसटी धरली आणि जेवायच्या वेळेला लातुरात उतरलो. आमच्या नांदेडात लातूरचं नाव काढलं की लोक आधी तोंड वाकडं करतात आणि मग पोरांना अकरावीला इथेच आणून घालतात. मी पस्तिशीत आलो, एवढाच फरक. आई म्हणाली, गेलास ना शेवटी त्यांच्याकडे! वर चिवड्याचा डबाही दिला.

खोली ट्यूशनच्या भागात मिळाली. मालकाने प्रत्येक खोलीत प्लायवूड ठोकून एकाच्या दोन केल्या आहेत. पलीकडून दिवसभर पाठांतर ऐकू येतं. अख्ख्या इमारतीत टेस्ट सिरीज नसलेला मी एकटाच. जिन्यात एका पोरीने मला पहिल्याच दिवशी 'अंकल' म्हटलं. असो.

सेंटर मात्र छान आहे. एमआरआयचं यंत्र नवंकोरं, दीड टेस्ला ताकदीच्या चुंबकाचं. हैदराबादला अकरा वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रावर राबलो, इथे तंत्रज्ञ म्हणून मी एकटाच, म्हणजे राजाच. डॉ. मालविका चिमुकल्या, भरभर बोलणाऱ्या, बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या. त्यांनी विचारलं, मिहिर, याआधी कधी लातूरकडे आला होतात का? मी नाही म्हणालो. तसा एकदा येऊन गेलो आहे. पण ते शहरात नव्हे, आणि ते मोजायचं कारण नाही.

२१ ऑगस्ट

इथल्या मदतनिसाचं नाव ज्ञानोबा. पन्नाशीचा, मिशाळ, निलंग्याकडचा. पेशंटच्या अंगावरचं लोखंड हुडकून काढण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. किल्ल्या, केसांचे आकडे, चुन्याची डबी. काल एका आजोबांच्या फेट्यातून टाचणी काढली. मी त्याला बजावलं आहे की यंत्र बंद असलं, वीज गेली, तरी चुंबक चालूच असतं. ते कधीच झोपत नाही.

आज त्याने विचारलं, "सर, ह्ये आतून फोटू काढतंय म्हंजी करतंय तरी काय?"

मी खडू घेतला. माणूस म्हणजे बरंचसं पाणी. त्या पाण्यात मोजता येणार नाहीत इतके बारीक भोवरे असतात, ज्याचं तोंड जिकडे तिकडे. चुंबकात नेलं की त्यातले थोडे जास्त एका दिशेला वळतात. मग आपण रेडिओ लहरीची एक थाप मारायची. सगळे कलंडतात, एका लयीत फिरायला लागतात, आणि त्यातून बारीकसा आवाज येतो. तो आपण ऐकतो. पण एकमेकांशी जुळलेली त्यांची लय लवकर मोडते आणि आवाज विरतो. त्यानंतर सावकाश सगळे आपापल्या जागी परत येतात. चरबीतले झटक्यात येतात, मेंदूभोवतीच्या पाण्यातले फार उशिरा. कोण किती वेळात परततं, यावरूनच चित्र बनतं.

ज्ञानोबाने मिशी खाजवली. म्हणाला, "म्हंजी थाप मारायची अन् आतून कोन वो देतंय ते ऐकायचं."

आमच्या डिप्लोमाला कोणी इतकं सोपं सांगितलं नव्हतं. मी त्याची पाठ थोपटली. पण ते वाक्य संध्याकाळभर डोक्यातून गेलं नाही.

२९ ऑगस्ट

पेशंटची रीघ लागली आहे. उदगीर, रेणापूर, थेट कर्नाटकातूनही येतात. त्यात ट्यूशनची पोरं. कोणाचं डोकं दुखतं, कोणाला अक्षरं दोन-दोन दिसतात. चित्रात काहीच निघत नाही. आईबाप सुटकेचा निःश्वास टाकतात आणि पोरगं हिरमुसतं, कारण निदान डोक्यात काही असतं तर चार दिवस घरी जाता आलं असतं.

डॉक्टरांनी सुचवलं की प्रत्येक थापेनंतर आपण जरा जास्तच थांबतो, ते कमी केलं तर दिवसाला पाच-सहा पेशंट वाढतील. चुकीचं काही नाही, सगळीकडे करतात. एवढंच होतं की सावकाश परतणारं पाणी अजून वाटेत असतानाच दुसरी थाप बसते. मग त्याला वो देता येत नाही. तेवढी जागा चित्रात काळी दिसते. बघणाऱ्याला वाटतं, इथे काही नाहीच.

मी बरं म्हणालो. नवा आकडा दोनदा टाकून पुसला, मग ठेवला. कशासाठी ते मला ठाऊक आहे, पण ते या वहीत लिहायचं नाही.

२ सप्टेंबर

सकाळी साडेसात. रोज पेशंटच्या आधी पाण्याने भरलेला एक बंद गोळा बोगद्यात ठेवून यंत्र तपासावं लागतं. ते चाललं असताना गजर झाला. पेशंटच्या हातात आम्ही रबरी फुगा देतो, घाबरलं की तो दाबायचा, इकडे गजर होतो. आज फुगा आत खुंटीला लटकत होता. बोगद्यात गोळ्याशिवाय कोणी नव्हतं.

इंजिनिअरला फोन केला. म्हणाला, नळीत हवा धरली असेल, फुगा बदला. बदलला. ज्ञानोबा हसून म्हणाला, गोळ्याला भ्या वाटलं आसंल.

७ सप्टेंबर

नव्या फुग्याचाही गजर झाला. तेवढ्याच वेळी.

आणि आतल्या माइकवरून बारीक आवाज आला. लहान पोराचं पुटपुटणं. आधी वाटलं, रस्त्यावर ट्यूशनची पोरं असतील. पण त्या खोलीला तांब्याचा पत्रा आणि वर आवाज अडवणारं जाड अस्तर आहे, बाहेरचं आत येत नाही. कान देऊन ऐकलं. कोणीतरी आकडे मोजत होतं. एकवीस, बावीस, तेवीस. अगदी शाळेच्या हेलात. पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, पन्नास. एकोणपन्नास गाळून. मग आवाज थांबला. जीभ चावावी तसा. आणि पुन्हा एकवीसपासून.

दार उघडून आत गेलो. गोळा गार पडला होता. कोणी नव्हतं.

११ सप्टेंबर

आज मी एक वेडेपणा केला. दोन थापांमधलं अंतर साठ सेकंद ठेवलं. कोणी ठेवत नाही, गरजही नसते. गोळ्यातलं पाणी सेकंदभरात परततं. तसं ते परतलं. पडद्यावरची रेघ सपाट झाली. मी बघत राहिलो.

एकविसाव्या सेकंदाला रेघ पुन्हा उठली. थाप न मारता. तीन बारीक उंचवटे, समान अंतरावर. आतून कोणीतरी वो दिल्यासारखे.

पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा एकवीस.

विसाला का नाही, तिसाला का नाही, हा प्रश्न मला पडला नाही. तो पडला असता तर किती बरं झालं असतं.

१४ सप्टेंबर

आज सिंधु नावाची बाई आली. तीस वर्षांची, औशाकडची, शेतात राबणारी. हाताला मुंग्या येतात, मानेचा एमआरआय. बोगदा पाहिला आणि ती दाराशीच खाली बसली. नवरा समजावून थकला. ती मला म्हणाली, "सायेब, म्या दोन दीस दगडाखाली व्हते. आता परत न्हाई जायाची."

भूकंपाचं गाव. मी विचारायला नको होतं, पण गाव विचारलं. तिने सांगितलं आणि मी ते फॉर्मवर लिहायचं सोडून दिलं.

शेवटी एक तोड काढली. मी आतच उभा राहीन, दर थोड्या वेळाने बोगद्यावर तीनदा टकटक करीन, तिने आतून तीनदा वो द्यायचा. ती तयार झाली. चौतीस मिनिटं मी तिथे उभा होतो. तिने एकदाही उत्तर चुकवलं नाही.

बाहेर आल्यावर ती पाणी पिऊन बोलली. नवरा म्हणाला, सोळा वर्षांत हे तिने त्यालाही सांगितलं नव्हतं. ती तेव्हा चौदाची. शेजारी सात वर्षांची बहीण, वर्षाराणी. दुसऱ्या दिवशी सकाळी वरून कोणीतरी दगडाने तीनदा ठोकलं आणि ओरडून सांगितलं की साठ मोजतोय, खाली कोणी असेल तर वाजवा. मोठमोठ्याने मोजायला लागला. सिंधुचा हात कोपरापर्यंत अडकला होता. तो सोडवून तिने दगड वाजवला, तेव्हा वरचा आवाज विसावर थांबलेला होता. तिने तीनदा वाजवलं. कोणी बोललं नाही.

मग वर्षाराणी म्हणाली, दादा मनात मोजतोय. आणि तिने स्वतः एकवीसपासून मोजायला सुरुवात केली.

"तिला एकुनपन्नास कधी येत न्हवतं," सिंधु म्हणाली. "गुर्जी लई रागवायचे. साठ झाले की म्हनायची, ताई, माजं मधीच चुकलं, म्हून दादा आला न्हाई. परत मोजते."

त्याच दिवशी दुपारपर्यंत ती मोजत होती. संध्याकाळी लोकांनी दगड उपसले तेव्हा सिंधु एकटी जिवंत निघाली.

मला वाटतं मी तिला जपून जा असं काहीतरी म्हणालो.

चित्रं पाहिली. पेशंट हलला की चित्रात त्याची छाया उमटते, ते आमच्या धंद्यात रोजचं आहे. पण सिंधुच्या खांद्यापाशी उमटलेलं डोकं लहान होतं. जबड्यात दुधाचे दात, आणि त्यांच्याखाली पक्के दात यायच्या तयारीत रांगेने बसलेले. सात वर्षांच्या मुलाचा जबडा. तोंड उघडं होतं. मी ते चित्र डॉक्टरांना दाखवलं नाही, पुसून टाकलं.

१५ सप्टेंबर

लिहितोच.

मी एकोणीस वर्षांचा होतो. नांदेडहून कॉलेजचं पथक गेलं होतं. नेम असा होता की ढिगाऱ्यावर तीनदा ठोकायचं, सगळ्यांनी गप्प व्हायचं, कान लावून साठ मोजायचे, तेही मोठ्याने, म्हणजे खालच्या माणसाला कळावं की वर कोणीतरी आहे. काही ऐकू आलं नाही तर चौकटीवर चुन्याची फुली मारायची. फुली म्हणजे इथे कोणी नाही. फुली मारलेल्या घराकडे मग कोणी फिरकत नसे, माणसं कमी होती.

एक ऑक्टोबर, सकाळचे दहा. पाऊस होता. आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं. मी विसापर्यंत आलो आणि रस्त्यावर पुरीभाजीच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. पोरं पळाली. मीही उठलो. जाता जाता फुली मारली.

पुऱ्या गरम होत्या. मी आठ खाल्ल्या.

१८ सप्टेंबर

सिंधु रिपोर्ट न्यायला आली. मणक्यात थोडी झीज, गोळ्यांनी बरं होईल. ती माझ्या पाया पडायला वाकली तेव्हा मी मागे सरकलो. सांगायचं होतं. ओठांवर आलं होतं. ज्ञानोबा मध्ये आला आणि मी ते निमित्त पकडलं.

सकाळी दोन वेळा गजर. आकडे आता माइक बंद असतानाही ऐकू येतात.

२२ सप्टेंबर

ज्ञानोबाला विचारलं, तुला काही ऐकू येतं का? न्हाई, म्हणाला. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, म्हणाला की तो सकाळी एकटा आत जात नाही. का, ते विचारू नका.

मी थापांमधलं अंतर पूर्ववत वाढवून ठेवलं आहे. डॉक्टर चिडल्या. म्हणालो, घाई करणार नाही. नोकरी गेली तरी चालेल.

२५ सप्टेंबर

सिंधुच्या घरी गेलो. नव्या गावात, सरकारी घरांच्या ओळीत. सगळं सांगितलं. टेम्पो, पुऱ्या, फुली. काही लपवलं नाही.

ती कितीतरी वेळ तांदूळ निवडत राहिली. मग विचारलं, किती वर्षांचे व्हतात? एकोणीस म्हणालो. "ल्हानच की," ती म्हणाली. मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडलो. ती रडली नाही.

निघताना म्हणाली, "वर्षी मरूस्तवर म्हनत व्हती, दादा मोजायलाय. तुमी गेलात ह्ये तिला शेवटपर्यंत कळलंच न्हाई. एकदा तिच्यासाटी पुरते साठ मोजा. तिचं चुकतं तितं जरा थांबा."

२८ सप्टेंबर, दसरा

जुन्या गावाच्या जागेवर गेलो. वेड्या बाभळी. चौथरे. दुपारी बारा. दगडाने तीनदा ठोकलं, साठ मोजले. एकोणपन्नासला थांबलो. काहीच नाही. ऊन आणि वारा.

ती तिथे नाही. ती जिथे थाप पडते तिथे आहे. रोज पंचवीस-तीस पेशंट, प्रत्येकावर हजारो थापा. आणि दर थापेला ती वळून बघत असणार. आणि दर वेळी आम्ही पुढची थाप मारून तिला गप्प —

३० सप्टेंबर

उद्या वीज नऊ ते बारा नाही. जनरेटर दुरुस्तीला गेला आहे. पेशंट बारानंतर.

यंत्र चालवायचं नाही. नुसतं आत पडायचं. ठोकायचं. मोजायचं.

आईला फोन केला. चिवडा संपला म्हणालो.

१ ऑक्टोबर, सकाळी दहाला पाच कमी

वही आणि पेन्सिलीचा तुकडा घेऊन आत आहे. पेन चालत नाही, लोखंड. ज्ञानोबा नको म्हणत होता. त्याला बाहेर खुर्चीवर बसवलंय. पंधरा मिनिटांनी बाहेर ओढ म्हणून सांगितलंय. दार उघडं. पायाकडून उजेड येतो, तेवढ्यात लिहितो.

तीनदा ठोकलं.

मोजतोय. मोठ्याने. वीसपर्यंत मी एकटा.

एकवीसला ती आली. कानाशी. बारीक आवाज. आम्ही दोघं. तीस. चाळीस.

अठ्ठेचाळीस. थांबलो. एकोणपन्नास म्हणालो, सावकाश. तिने म्हटलं. एकोण — पन्नास. म्हटलं तिने! बरोबर आलं —

साठ.

साठ झाले, वर्षाराणी.

शांत आहे. बरं वाटलं. सोळा वर्षांत असं

—

ज्ञानोबाला हाक मारली. ओ नाही.

उजेड कमी झालाय. दार कोणी लावलं? ओल्या मातीचा वास. छातीवर जड — वर सरकता येत नाही. इथे याहून जास्त जागा होती ना —

तोंडात धूळ.

पाऊस. वर पाऊस पडतोय.

ठोकलं कोणीतरी. वरून. तीनदा. देवा, ज्ञानोबा आला

ज्ञानोबा नाही. पोरगा आहे. ओरडतोय, साठ मोजतोय, खाली कोणी असेल तर वाजवा. आवाज ओळखीचा. माझाच. एकोणीस वर्षांचा

हात — मूठ उचलत नाही. पेन्सिल तेवढी हलते. आवाज फुटत नाही. आहे रे, मी आहे खाली

अकरा. बारा. थांबेल. या वेळी थांबेल

अठरा

हॉर्न

वीस

नको जाऊस. थांब. फुली नको मारूस, मी

पावलं गेली.

नाही, तो मनात मोजतोय. मनात मोजतोय तो. मी मोजतो त्याच्याबरोबर. एकवीस. बावीस. तेवीस. येईल. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, पन्नास —

चुकलं. मधेच चुकलं म्हणून आला नाही. परत मोजतो. एकवीस, बा